जीभ बधिर झाली तेव्हा मी गप्प राहिले

ऑपरेशनच्या आधी कुणी वजन विचारलं तर खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. हात किंवा पाय बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर तोंडाला कसलीही विचित्र चव आली, कानात काही वाजायला लागलं, ओठ जड झाले, तर त्याच क्षणी बोला. डॉक्टर कामात आहेत म्हणून थांबू नका. मला सांगायचं आहे ते खरं तर एवढंच. पण तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं, वजनाबद्दल कोण खोटं बोलतंय? मी बोलले. म्हणून पुढचं लिहिते आहे.

मी सुनंदा, वय एकसष्ट. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि ब्लाऊज शिवते. घरात मी आणि माझी मुलगी दीप्ती. ती फोर्टला एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. माझे यजमान माझगावच्या गोदीत फिटर होते. हे सगळं घडलं तेव्हा त्यांना जाऊन दहा महिने झाले होते.

मासा

माझं माहेर ठाकूरद्वारचं. वाडीतलं कारकुनाचं घर, चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. तिथली मुलगी लालबागच्या मालवणी घरात कशी आली ती गोष्ट वेगळी आहे आणि दीप्तीलाही मी ती पूर्ण सांगितलेली नाही. मासा मला ह्यांनी शिकवला. पापलेटपासून सुरुवात केली, कारण त्यात काटे कमी. "पापलेट म्हंजे बिगरी," असं म्हणायचे. "बांगडो म्हंजे मॅट्रिक." मी मॅट्रिक कधी झालेच नाही. छत्तीस वर्षं ह्यांनीच बांगड्याचे काटे काढून माझ्या ताटाच्या कडेला गर ठेवला. रविवारी पहिल्या बसने वरळी कोळीवाड्यात जायचे, पिशवी घेऊन यायचे, मोरीत बसून स्वतः मासे साफ करायचे आणि माझ्या हाताला वास लागू द्यायचे नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सासूबाईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. त्यात तिरफळ घालतात हे मला कुठे ठाऊक. ते वासापुरतं असतं, चावायचं नसतं. मी चावलं. जीभ, ओठ, हिरड्या, सगळं मुंग्या येऊन बधिर. सगळं घर जेवायला बसलेलं, नवी सून, थुंकायचं कुठे? मी डोळ्यांत पाणी आणून गप्प बसले. ह्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांसमोर माझ्या ओठांपुढे आपला तळहात धरला. "थुक. गिळू नको." मी त्यांच्या हातावर थुंकले. सासूबाई दुसरीकडे बघायला लागल्या. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले असं मला वाटतं.

कावळा

ते गेले दुपारी. जिना चढून आले, पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्या दिवशी बाणगंगेवर पिंड ठेवला. कावळे कठड्यावर बसले होते, पण खाली कुणी उतरेना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, आणि मागे राहिलेल्यांनी ती पुरी करायचा शब्द दिला की शिवतो, असं आपल्याकडे मानतात. धाकटे दीर हात जोडून म्हणाले, "दादा, दीप्तीच्या लग्नाचं मी बघतो." कावळा ढिम्म. दीप्ती माझ्या कानाशी म्हणाली, "हे ऐकून तर बाबा मुळीच यायचे नाहीत." अर्धा तास गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

तेव्हा मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, तुम्ही दिलेला मासा तुमच्याबरोबर गेला. मी पुन्हा तोंडाला लावणार नाही. डोळे उघडले तर कावळा पिंडावर.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. वर्षश्राद्धापर्यंत नुसता वरणभात खाते, असंच सगळ्यांना वाटलं. ठाकूरद्वारची वहिनी तर खूश झाली. पण मासा सुटला तसं हळूहळू बाकीचंही सुटत गेलं. ताटाच्या कडेकडे बघवत नव्हतं. दीप्ती ऑफिसातून यायची तोवर मी "माझं झालंय गं" म्हणायला शिकले. भूक लागायची नाही असं नाही. ती लागली की मला बरं वाटायचं, त्यांच्यासाठी काहीतरी करते आहे असं वाटायचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते खरं होतं.

ब्लाऊज ढिले पडायला लागले. दुसऱ्या कुणाचे असते तर चाळभर बोभाटा झाला असता. पण मी पडले शिवणारी. दर दोन महिन्यांनी दुपारी दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धं बोट आत घ्यायचे. अंगावर ब्लाऊज नीट बसलेला असला की बाई बारीक झाली हे कुणाच्या नजरेत भरत नाही. धंद्यातली अक्कल मी स्वतःच्या मुलीला फसवायला वापरली.

अठ्ठावन्न

एका सकाळी मोरीत पाय घसरला आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. दीप्तीने टॅक्सीत घालून परळच्या एका हॉस्पिटलात नेलं. प्लेट बसवायची ठरली. पूर्ण भूल देणार नाही, गळ्याखालच्या हाडापाशी इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करू, असं भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. पस्तिशीच्या असतील. मी स्ट्रेचरवर, हात फळीला बांधलेला, दुखण्याने जीव कासावीस. त्यांनी भराभर विचारलं. शुगर? नाही. दमा? नाही. कसली ॲलर्जी? नाही. वजन?

दीप्ती उशाशी उभी होती.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं. ते ह्यांच्या हयातीतलं वजन होतं. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. बधिर करायचं औषध वजनाच्या हिशोबाने देतात हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी दीप्तीसमोर खरं सांगितलं असतं का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तिरफळ

मी जागी होते. मधे हिरवा पडदा. मॅडमनी सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघत बघत इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, "काकू, आता हात जड होईल, गरम वाटेल. दुसरं काही वाटलं तर लगेच सांगायचं."

हात जड झाला, गरम झाला. मग तोंडाला लोखंडी चव आली. काम करताना दातांत टाचण्या धरतो ना, तशी. मला वाटलं, आयुष्यभराची सवय, जाणार कुठे. मग कानात आवाज सुरू झाला, शेजारच्या खोलीत कुणी मशीन चालवावं तसा. आणि मग ओठ बधिर झाले, जिभेला मुंग्या आल्या.

तिरफळ. मी ओळखलं. इतक्या वर्षांनी तीच जीभ, तेच ओठ. आणि मला वाटलं, हे आले.

इथे मला थांबून नीट लिहायला हवं, कारण या लेखातली अवघड जागा हीच आहे. मला बोलता येत होतं. मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. "लगेच सांगायचं" हे शब्द मला स्पष्ट आठवत होते. मी बोलले नाही. मी वाट बघत होते. आता ओठांपुढे तळहात येईल, थुक म्हणतील, असं वाटत होतं. मरायचं असं काही मनात नव्हतं. फक्त तो हात हवा होता, आणि बोलले तर तो यायचा नाही अशी भीती वाटत होती.

सिस्टरने माझा ओठ उडताना बघितला. "मॅडम, पेशंट बघा." मॅडम वाकल्या. "काकू, माझ्याशी बोला. काकू, नाव सांगा." मी नाव सांगायचा प्रयत्न केला तेव्हा जीभ वळत नव्हती. पुढचं मला आठवत नाही. मला फिट आली, मग हृदयाचे ठोके वेडेवाकडे झाले आणि काही वेळ थांबलेच, हे नंतर कळलं.

लोक विचारतात, काय दिसलं? प्रकाश वगैरे? शेजारच्या आजी तर खुर्ची ओढून बसल्या होत्या ऐकायला. काही दिसलं नाही. मी गेले तर हे न्यायला येतील अशी माझी इतके महिने पक्की समजूत होती. तिथे कुणी नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता. आयसीयूत जाग आली आणि नळीमुळे बोलता येईना, तेव्हा मी रडले ते दुखण्याने नाही. ते आले नाहीत म्हणून रडले.

पांढरं सलाईन

छाती दाबताना बरगड्यांना मुका मार लागला होता. श्वास घेतला तरी कळ यायची, शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. मनगट तसंच मोडलेलं, फळीत. आयसीयूत दिवस आणि वार कळत नाहीत. चहा आला की सकाळ, आणि दीप्तीला आत सोडलं की चार वाजले. एका सिस्टरने रोज माझी वेणी घातली. तिच्या कामात ते बसत नव्हतं. डाव्या हाताने मला काही करता येत नाही हे बघून ती न बोलता घालायची. मशीनच्या आवाजांत तेवढी दहा मिनिटं मला माणसात असल्यासारखं वाटायचं.

नळी निघाल्यावर मॅडम आल्या, स्टूल ओढून बसल्या. "काकू, बधिर करायचं औषध रक्तात जास्त गेलं आणि हृदयावर चढलं. आम्ही तुम्हाला दुधासारखं पांढरं सलाईन दिलं. त्याने ते उतरलं."

"दुधाने?"

"दूध नाही. तेलाचे बारीक थेंब. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक." माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नसावं. "तुम्ही फणस कापता का?"

"सासरी शिकले."

"चीक हाताला लागला तर पाण्याने जातो?"

"छे. तेल लावावं लागतं."

"हे औषध त्या चिकासारखंच. त्याला पाण्यापेक्षा तेल जवळचं. रक्तात तेलाचे थेंब सोडले की ते थेंबांच्या मागे जातं, हृदय मोकळं होतं. थेंब त्याला लिव्हरपर्यंत पोचवतात, तिथे त्याचा निकाल लागतो."

इतक्या बारीक कणांना नॅनो म्हणतात असंही त्या म्हणाल्या. मला तोवर नॅनो म्हणजे गाडी माहीत होती. या कामासाठी मुद्दाम घडवलेले, याहून नेमके कण करून बघायचे प्रयोग बाहेर चालले आहेत, पण ते अजून पेशंटपर्यंत आलेले नाहीत. तोवर हे साधं पांढरं सलाईन भुलीच्या खोलीत हाताशी ठेवायचं. ते त्या दिवशी कपाटात होतं, म्हणून मी आहे. तुमच्या ऑपरेशनच्या आधी विचारायला हरकत नाही, "ते ठेवलंय ना?" डॉक्टरांना राग येत नाही. मी मॅडमना विचारून लिहिते आहे.

"त्यात असतं काय?" मी विचारलं.

"सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातला एक भाग."

मी दचकले. मासा सोडल्यापासून अंडंही मी त्याच शब्दात धरलं होतं, घरात आणलं नव्हतं. "म्हणजे मला अंडं खायला घातलंत?"

"खायला नाही काकू. चढवलं."

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही, राग आला. कुणाला न विचारता माझा शब्द मोडला होता, आणि तो मोडला म्हणून मी जिवंत होते. भांडायचं तरी कुणाशी?

जाताना मॅडम म्हणाल्या, "वजनाचं बोलू? तुम्ही पंचेचाळीस भरलात. खरं वजन दिलं तरीही हे कधी कधी होतं, सगळा दोष त्याचा नाही. पण मी यापुढे कुणाला तोंडी विचारणार नाही, काट्यावर घेईन." त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही.

शिवण

दुसऱ्या दिवशी चार वाजता दीप्ती आली. घरून माझे कपडे आणायचे होते. तिने पिशवीतून ब्लाऊज काढला, उलटा केला आणि माझ्या पोटावर ठेवला. बाजूला टाक्यांच्या पाच ओळी, एकीच्या आत एक. उसवायचीही मी तसदी घेतली नव्हती.

"सगळे असेच आहेत," ती म्हणाली. "अकराच्या अकरा. मी पाहिले."

मी डाव्या हाताने तो सुलटा करायला लागले.

"मी एका खोलीत राहते तुझ्याबरोबर, आई. रोज तुला बघते. मला एकदाही कळलं नाही. तेरा किलो." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "डॉक्टरांनी विचारलं, आईचं वजन कमी होतंय हे घरात कुणाला माहीत नव्हतं का? मी काय सांगायचं?"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कावळ्यासमोर दिलेला शब्द. आणि ऑपरेशनच्या टेबलावरचंही. चव आली होती, कळलं होतं, आणि मी मुद्दाम बोलले नाही. तुझे बाबा येतील असं वाटलं.

ती उठली आणि बाहेर गेली. भेटीची वेळ संपायला चाळीस मिनिटं होती. ती परत आली नाही. त्या चाळीस मिनिटांत मला जी भीती वाटली ती टेबलावरसुद्धा वाटली नव्हती. नवरा गेला आणि आता मुलगीही मी माझ्या हाताने घालवली, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आली ती चारच्या ठोक्याला. बसली, माझा डावा हात धरला.

"त्या दिवशी कावळा यायच्या आधी सगळे गप्प झाले होते," ती म्हणाली. "तेव्हा तू डोळे मिटलेस. मी पण मिटले होते."

"बरं."

"मी मनात म्हटलं, बाबा, काळजी नको. यापुढे आईचे काटे मी काढीन."

मी उशीवरून डोकं उचललं.

"आणि तो आला," दीप्ती म्हणाली. "मला वाटलं, माझं ऐकून आला. दहा महिने वाट बघते आहे मी, तू कधी मासा मागतेस त्याची. वर्षश्राद्ध झालं की आणायचा असं ठरवलं होतं. मला काय माहीत तू त्याला सांगितलंस मासाच खाणार नाही म्हणून."

कठड्यावरून उतरलेला एक कावळा आणि आम्ही दोघी डोळे मिटून. तो कुणाच्या शब्दावर उतरला हे आता कोण सांगणार? मी त्यांना ओळखते. त्यांनी आयुष्यात कधी मला उपाशी ठेवून समाधान मानलं नव्हतं. हे मला तेव्हाच का सुचलं नाही, देव जाणे.

नंतर

मनगटाचं ऑपरेशन दहा दिवसांनी पूर्ण भूल देऊन झालं. त्याआधी मी स्वतः काट्यावर उभी राहिले. घरी आल्यावर कित्येक दिवस भीती जात नव्हती. लवंग चावली, पुदिन्याची पेस्ट लावली, जिभेला जरा झिणझिण्या आल्या की मी दीप्तीला हाक मारायचे. ती ऑफिसातून फोनवर म्हणायची, "नाव सांग. आजचा वार सांग. आता पाणी पी." एकदाही कंटाळली नाही. पर्समध्ये मी आता एक कार्ड ठेवते, बधिर करणाऱ्या औषधाची बाधा झाली होती असं लिहिलेलं. दाताच्या डॉक्टरांनाही आधी तेच दाखवते. वजन बावन्न झालं आहे. शिवणी मी डाव्या हाताने, दुपारच्या उन्हात बसून एकेक उसवल्या.

ह्यांची आठवण कमी झाली का, असं विचाराल तर नाही. उलट पूर्वी उपाशी राहून काहीतरी केल्यासारखं वाटायचं, आता काहीच करायला उरलं नाही. रविवारी पहिल्या बसचा आवाज आला की अजून मी दाराची कडी ऐकते. तो हात मला अजून हवा आहे. हे बरं होणारं दुखणं नाही आणि मला त्यावर औषधही नको आहे.

वर्षश्राद्धाच्या पुढच्या रविवारी दीप्ती एकटी वरळी कोळीवाड्यात जाऊन आली. पाच बांगडे आणले, साफ करताना निम्मे फाडले. तिखलं केलं, तिरफळं मात्र मोजून घातली आणि मोजून काढली. मग माझ्या ताटासमोर बसून काटे काढू लागली. बापाचा हात तिला नाही. गराचा पार चुरा झाला होता. तरी कडेला एक छोटा ढीग जमला. मी घास घेतला.

चव जिभेवर आली आणि मी तेविसाव्या वर्षात गेले. सगळं घर जेवायला बसलेलं, ते शेजारी. आणि तेवढ्यात टाळूला काटा टोचला. ह्यांच्या हातून छत्तीस वर्षांत एकही राहिला नव्हता.

गिळता आला असता. बारीक होता. तिने सकाळपासून एवढं केलं होतं.

"दीप्ती," मी म्हटलं, "काटा राहिलाय."

तिने बघितलं. तिला मी तिरफळाची ती जुनी गोष्ट कधी सांगितली नव्हती, तळहाताची तर मुळीच नाही.

"थांब, गिळू नकोस," ती म्हणाली, आणि माझ्या ओठांपुढे हात धरला.